वजनाचं सोंग

पडद्यावर एक बाई उभी होती. दोन्ही हात बाजूंना पसरलेले, नजर समोर, अंगावर कापड नाही, चेहऱ्यावर भाव नाही. दोन तास मी तिला खाली बसवायच्या खटपटीत होतो आणि तिला बसता येत नव्हतं. मांडी वळवली की जांघ पोटात घुसायची. गुडघा आणखी दुमडला की पोटरी मांडीतून आरपार बाहेर यायची. भाची शेजारी चहा पीत बसली होती. ती म्हणाली, "मामा, तिच्या देशात सगळे खुर्चीवर बसतात."

ती बाई नेटवरून फुकट उतरवलेली तयार आकृती होती. चालायला, पळायला, खुर्चीत टेकायला बनवलेली. मांडी घालणं, उकिडवं बसणं, विळीपुढे एक पाय दुमडून बसणं, हे तिच्या घडवणाऱ्याच्या मनातच आलेलं नसणार. आमच्याकडे अर्धं आयुष्य ज्या बैठकीत जातं, ती बैठक तिच्या हाडांना ठाऊक नव्हती. त्या रात्री मी ठरवलं, आपली बाई आपणच घडवायची.

मी मूळचा पेणचा. घरी गणपतीचा कारखाना, त्यामुळे अक्षरओळख आणि शाडूची ओळख एकाच वर्षातली. पुढे जे. जे.मध्ये शिल्पकला शिकलो आणि नंतर शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर डोक्यात एकच खूळ होतं: दहा सेकंदांचं एक दृश्य करायचं. एक कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन येते, पाटी उतरवते आणि बसते. बस्स. मातीत ही बाई मी अनेकदा केली होती. उभी, बसलेली, पाटीसह, पाटीविना. पण उभी आणि बसलेली यांच्या मधली बाई मातीत येत नाही. ती पाहायची होती. या दहा सेकंदांनी माझे अकरा महिने घेतले.

सुरुवात एका क्लासपासून झाली. काचेचं ऑफिस, भिंतीवर परदेशी चित्रपटांची पोस्टरं, फी लाखाच्या वर आणि 'नोकरीची शंभर टक्के हमी'. माझं वय ऐकून समोरची मुलगी गडबडली आणि हमीचा मुद्दा गाळून उरलेलं माहितीपत्रक तिने वाचून दाखवलं. मी तीन आठवडे गेलो. तिथे कळा शिकवत होते, कुठलं बटण दाबलं की काय होतं ते. माणूस कसा उभा राहतो, हे कोणी विचारत नव्हतं. फीचा पहिला हप्ता तेवढा गेला.

मग भाची आली. मुंबईच्या एका स्टुडिओत ती रिगिंग करते, म्हणजे पडद्यावरच्या देहांत हाडं बसवते. परदेशातून येणारं काम आटलं, करार संपला आणि ती दोन महिने पेणला येऊन राहिली. तिचं वाईट झालं त्यात माझं बरं झालं, हे मी तिला तोंडावर सांगितलं. तीही हसली. तिने माझ्या जुन्या लॅपटॉपवर ब्लेंडर टाकलं.

ब्लेंडरची गोष्ट पेणच्या माणसाला चटकन कळावी अशी आहे. नेदरलँड्समध्ये टॉन रोझेंडाल नावाच्या माणसाने 1994 मध्ये आपल्या स्टुडिओच्या घरगुती कामासाठी हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. पुढे त्याची कंपनी झाली, कंपनीत पैसे घालणारे आले आणि 2002 मध्ये ती बंद पडली. सॉफ्टवेअरचे हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले. एक लाख युरो दिले तर सोडतो, म्हणाले. रोझेंडालने वर्गणी काढली. सात आठवड्यांत रक्कम जमली आणि ऑक्टोबर 2002 मध्ये ब्लेंडर सगळ्यांसाठी खुलं झालं. कोणीही वापरावं, कोणीही त्याचं पोट उघडून पाहावं. आमच्या आळीतला मांडव वर्गणीवर उभा राहतो, तसंच. याच फुकटच्या सॉफ्टवेअरवर लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने एका मांजराचा 'फ्लो' हा चित्रपट केला. त्यात एक अक्षर संवाद नाही. 2025 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. भाचीने मला तो पहिल्याच रात्री दाखवला. मांजर पाण्यातून बाहेर येऊन अंग झटकतं तिथे मी तिला तीनदा मागे न्यायला लावलं.

ब्लेंडर उघडलं की पडद्याच्या मधोमध एक करडा ठोकळा असतो. बहुतेक लोक तो आधी पुसून टाकतात. सरावासाठी मात्र आत आणखी एक तयार आकार ठेवलेला आहे, माकडाचं डोकं. त्याचं नाव सुझॅन. 'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' ही म्हण लहानपणापासून टोमणा म्हणून ऐकलेली. इथे मारुती सॉफ्टवेअरबरोबर येतो. त्याच्यापासून पुढे गणपतीपर्यंत ज्याचं त्याने जायचं.

स्कल्प्ट मोडमध्ये मी रमलो, हे सांगायला नको. तिथे मातीच्या पट्ट्या थापल्यासारखं काम करणारा एक ब्रश आहे, त्याचं नावही मातीवरूनच आहे. पेन-टॅबलेटवर दाब वाढवला की पट्टी जाड येते. गालाची हाडं, हनुवटी, मानेच्या शिरा, सगळं भराभर उभं राहिलं. माती वाळत नाही. ओलं फडकं घालावं लागत नाही. नाक मोडलं तर कंट्रोल-झेड. पहिल्या आठवड्यात मी चाळीस वर्षांच्या मोडलेल्या नाकांचा सूड उगवला.

पण एक खोट लवकरच दिसली. उजवीकडे थापलं की डावीकडेही आपोआप थापलं जातं, अशी सोय आहे. मी ती चालू ठेवली होती. चेहरा तयार झाला आणि पासपोर्टच्या फोटोसारखा माझ्याकडे बघू लागला. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. जपानच्या मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्येच लिहून ठेवलंय की कृत्रिम आकृती माणसाच्या फार जवळ गेली आणि थोडक्यात चुकली, तर आपुलकी वाटायच्या ऐवजी अंगावर काटा येतो. आमच्या कारखान्यात याला इतकं मोठं नाव नव्हतं. मूर्तीची बाकी कामं पोरासोरांनी करायची, पण डोळ्यांची आखणी ज्येष्ठ कारागिरानेच करायची, एवढा नियम होता. मी सममिती बंद केली. एक भुवई जराशी चढवली, ओठाचा डावा कोपरा किंचित खाली आणला. बाईला शेजारीण मिळाल्यासारखी तिची नजर हलकी झाली.

आता खरी परीक्षा. मातीच्या मूर्तीत आत माती असते. पडद्यावरच्या मूर्तीत आत काही नसतं. बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि रेघांमध्ये ताणलेले पापुद्रे. कागदाच्या आकाशकंदिलासारखी पोकळ वस्तू. आणि हे पापुद्रे कसेही टाकून चालत नाही. डोळ्याभोवती, तोंडाभोवती चौकोनांच्या गोल रांगा फिरवाव्या लागतात, कारण चेहऱ्याचे स्नायूही तिथे गोल फिरतात. उलट्यासुलट्या रांगांवर हसू उमटवलं तर गाल चुरगळतो. मी स्कल्प्ट केलेल्या बाईत लाखो बिंदू होते. भाचीने ते सगळं खाली अंथरुणासारखं ठेवलं आणि त्यावर मला हाताने चौकोन मांडायला लावले. सोळा दिवस. स्वेटर विणणाऱ्या आत्याची आठवण यायची, टाके मोजत बसलेली.

याच दिवसांत ती एकदा म्हणाली, "मामा, तुमच्या धंद्यातलाच माणूस दाखवते," आणि तिने 1972 मधली एक छोटी फिल्म लावली. अमेरिकेत युटा विद्यापीठात एड कॅटमुल नावाच्या विद्यार्थ्याला संगणकात माणसाचा हात हलवायचा होता. त्याने काय करावं? स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरमध्ये साचा घेतला. साच्यावरून हात ओतला, त्या प्लास्टरच्या हातावर शाईने सुमारे 350 त्रिकोण-चौकोन आखले, एकेक कोपरा मोजला आणि ते आकडे संगणकात भरले. साच्यात त्याच्या हाताचे केस उपटून आले म्हणे. आमच्याकडे साचा काढायच्या आधी तेलाचा हात फिरवतात. त्याला कोणी सांगितलं नसावं. तो हात पडद्यावर बोटं मिटतो, उघडतो, आणि कॅमेरा बोटांच्या आतून फिरतो. आत पोकळी. हाच कॅटमुल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाला. जिम क्लार्कबरोबर त्याने 1978 मध्ये थोड्या चौकोनांतून गुळगुळीत पृष्ठभाग काढायची जी रीत मांडली, तीच मी सोळा दिवस मांडलेल्या चौकोनांवर एका बटणाने लागू झाली. चौकोनी गाल गोल झाला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

संगणकातला तो हात प्लास्टरमधून निघाला होता, या गोष्टीने मला किती धीर आला ते भाचीला कळलं नसेल.

हाडं बसवायला ती स्वतः बसली. मी वहीत मराठी नावं लिहीत होतो, कारण इंग्रजी शब्द संध्याकाळपर्यंत टिकत नव्हते. रिगला मी 'कळसूत्र' लिहिलं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली आणि गाईगुरांच्या गोठ्यात त्यांनी उभं केलेलं संग्रहालय मी पाहिलंय. दोरीच्या बाहुलीचा पंजा उचलला की कोपर आपोआप मागून येतं. कोपराला कोणी हुकूम देत नाही. ब्लेंडरमध्येही मनगट ओढलं की कोपर आणि खांदा आपापला कोन शोधतात; या हिशेबाला इनव्हर्स किनेमॅटिक्स म्हणतात आणि तो यंत्रमानवांच्या हातांसाठी मांडला गेला. फरक एवढाच की लाकडी बाहुलीची दोरी सोडली की हात पडतो. पडद्यावरचा हात सोडला तिथेच राहतो. पृथ्वी त्याला ओढत नाही.

आणि मग आलं ते प्रकरण, ज्याचं नावच वजन. 'वेट पेंटिंग'. कुठलं हाड हललं की कुठली कातडी किती हलावी, ते रंगवून सांगायचं: लाल म्हणजे पूर्ण, निळा म्हणजे शून्य, मध्ये पिवळा-हिरवा. मी विचारलं, याला वजन का म्हणतात? यात जडपणा कुठे आहे? मग मीच हसलो. मराठीत 'त्याचं कचेरीत वजन आहे' म्हणतात, तेच हे. दंडाच्या हाडाचं काखेत किती वजन, कमरेच्या हाडाचं पोटावर किती. वहीत लिहिलं, 'वशिला'. मांडी घातली की जांघ पोटात घुसत होती, त्याचं कारण हेच; मांडीच्या हाडाचा वशिला पोटापर्यंत पोचला होता. तो काढून घेतला, तर जांघेत खड्डा पडला. शेवटी भाचीने त्या बैठकीपुरता वेगळा आकार घडवायला सांगितला: हाड अमुक कोनाच्या पुढे गेलं की मी हाताने घडवलेली घडी हळूहळू तिथे येते. म्हणजे मांडी घालणारी बाई करण्यासाठी मला मांडी घातलेली बाई पुन्हा एकदा घडवावी लागली. स्वयंपाकघरात बायकोला पाटावर बसवून मी तिच्या गुडघ्याकडे इतका वेळ पाहिलं, की तिने शेवटी भाजीचं सूप मला धरायला दिलं.

लुगड्याचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी अब्रू गेली. कापडाचं वागणं हिशेबाने काढणारी सोय ब्लेंडरमध्ये आहे. टेबलावर टाकलेला रुमाल सुंदर पडतो. पण कोळणीचं लुगडं दोन पायांमधून मागे जातं, कंबरेला खोचलं जातं, घट्ट बसतं. बाई चालली की दोन्ही मांड्या त्याला आतून चिमटतात. हिशेब गोंधळला. कापड थरथरलं, फुगलं आणि बाविसाव्या फ्रेमला उडून छताकडे गेलं. आठ दिवसांनी मी शरण गेलो आणि कासोटा मूर्तीत करतात तसा अंगाबरोबरच घडवून टाकला. मोकळा ठेवला तो फक्त पदराचा तुकडा.

बाई हलवायची वेळ आली तेव्हा पावसाळा सुरू झाला होता.

एका सेकंदाला 24 फ्रेम. दहा सेकंदांना 240. सगळ्या आपण करत नाही. महत्त्वाच्या स्थिती ठरवून खुणा करायच्या, मधलं संगणक भरतो. जुन्या काळी हे मधलं भरायला हाताखालची माणसं असत. 1956 मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखी माणसं तिथे तयार झाली, ती अशीच कागदामागून कागद काढत. त्याच्याही आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती, आणि आगकाड्या नाचवणारी फिल्मही केली होती. फाळके जे. जे.चे, नंतर बडोद्याच्या कलाभवनाचे. एकेका फ्रेमला काडी हातभर नव्हे, नखभर सरकवायची, हा धीर मूर्तिकामातला वाटतो मला.

माझी कोळीण पहिल्यांदा चालली तेव्हा ती समुद्राच्या तळाशी चालत होती. पाय सावकाश उठायचा, सावकाश टेकायचा. कारण मधलं भरताना संगणक प्रत्येक हालचाल हळू सुरू करतो, मध्ये वेग घेतो, पुन्हा हळू थांबवतो. ही सुबक वळणाची रेघ रेनॉ मोटार कंपनीतल्या पिएर बेझिए यांच्या नावाने ओळखली जाते. गाडीच्या पत्र्यांना वळण देण्यासाठी त्यांनी ती वापरात आणली. गाडीच्या पत्र्याला शोभते ती टाचेला शोभत नाही. टाच जमिनीवर आपटते. तिथे रेघ तुटली पाहिजे. आलेखात जाऊन मी प्रत्येक पावलाची रेघ हाताने तोडली, आणि बाई पाण्याबाहेर आली.

तरी जड वाटेना. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 च्या त्यांच्या जाडजूड पुस्तकात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं सांगितली आहेत. ती वाचताना मला जाणवलं की त्यातली निम्मी वजनाचीच सोंगं आहेत. उडी मारण्याआधी खाली दबणं, थांबल्यावरही केस पुढे जाणं, चेंडू आपटताना चपटा होणं. ज्या वस्तूला वजन नाही, तिला वजन आहे अशी प्रेक्षकाची समजूत घालायची, आणि त्यासाठी हाताशी फक्त वेळ. किती फ्रेममध्ये उचललं, किती फ्रेममध्ये टेकलं. शाडूत असताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिथे वजन फुकट होतं. तिथे सारी धडपड उलटी, आतल्या काठीच्या आधाराने हात खाली पडू नये म्हणून.

भाचीने एक शोध हुडकून दिला. 1986 मध्ये 'नेचर'मध्ये छापलेला. केनियातल्या लुओ बायका डोक्यावर आणि किकुयू बायका कपाळाच्या पट्ट्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका बोजा घेऊन चालल्या, तरी त्यांची ऊर्जा मोकळ्या चालीपेक्षा जास्त खर्च होत नव्हती. ओझं घेतल्यावर त्यांच्या चालीचा झोका कमी वाया जातो, असं नंतर निघालं. मी मासळी बाजाराबाहेर दोन सकाळी नुसता उभा राहिलो. डोकं पाण्याच्या सपाटीसारखं जातं. खांदे स्थिर. सगळं घडतं ते कंबरेखाली, आखूड, भरभर पावलांत. माझी बाई मात्र डोकं वरखाली करत होती, लेझीम खेळल्यासारखी. परत घरी, परत आलेख.

मधल्या एका रविवारी सासवण्याला जाऊन आलो. अलिबागजवळ समुद्राला लागून विनायकराव करमरकरांचं घर आहे, आता तेच शिल्पसंग्रहालय. पुण्यातला 1928 चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा ज्यांनी घडवला, ते करमरकर. त्यांच्याही घरी गणपती व्हायचे. तिथे गावातली साधी माणसं सिमेंटमध्ये उभी-बसलेली आहेत, आणि अंगणात म्हैस आहे. त्या म्हशीचं बूड जमिनीवर कसं रेललंय ते मी बराच वेळ पाहिलं. सिमेंट हलत नाही, पण तिचं अंग सैल पडलेलं दिसतं. पोटाखालची जमीन दबली असेल असं वाटतं. घरी येऊन मी माझ्या बाईच्या बसण्यात अखेरीस नऊ फ्रेम वाढवल्या. बूड टेकल्यावर कंबर थोडी आणखी खाली, मग खांदे, मग मान. भाची मुंबईहून फोनवर म्हणाली, "आता बसली, मामा."

जुन्या एका विद्यार्थ्याने विचारलं, सर, आता चार शब्द लिहिले की चालती बाई मिळते, एवढा आटापिटा कशाला? मी म्हटलं, मला बाई मिळवायची नव्हती. तो विषय तिथेच संपला.

दिवाळीआधी दहा सेकंद पूर्ण झाले. बाई उजवीकडून येते, थांबते, दोन्ही हात वर नेते, पाटी उचलून पुढे घेते, वाकून जमिनीवर ठेवते, उकिडवी होते, मग एक पाय दुमडून बसते. मोबाइलवर घेऊन मी बाजारात गेलो. ज्या मावशींकडून आम्ही वर्षानुवर्षं मासळी घेतो, त्यांना दाखवलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले, फोन जवळ धरला, एकदा पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं. शेजारच्या दोघी वाकल्या.

"बाई बरी हाय," मावशी म्हणाल्या. "पाटी रिकामी हाय ना पण?"

नाही, भरलेली आहे, मी म्हटलं. वर मासे दिसतायत की. बांगड्यांचे कल्ले रंगवायला मला चार दिवस लागले होते.

"भरली पाटी एकटीला उतरते काय?" त्या हसल्या. "हात द्याला कोन तरी लागतं." आणि शेजारणीला त्यांनी नुसती मान करून खुणावलं. ती उठली, समोर आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही. तिने बर्फाची भरलेली पाटी काठाला धरली, मावशींनी गुडघे मोडले, पाटी दोघींच्या मध्ये क्षणभर थांबली आणि मग मावशींच्या डोक्यावर गेली. तसंच उलट, खाली. मी फोन काढून चित्रण करायचं विसरलो. "परत करू?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तीनदा केलं त्यांनी, आणि पापलेटला नेहमीपेक्षा वीस रुपये जास्त लावले.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. एकशे दहाव्या फ्रेमपासून पुढचं सगळं पुसलं. बाई दोन्ही हात पाटीला लावून थांबली, समोर पाहत. मी शिफ्ट आणि ए दाबलं आणि तिच्या समोर एक ठोकळा ठेवला, दुसरीच्या उंचीचा.